पिल्लू मेलं, एवढं सगळ्यांनी पाहिलं

आधी नाकाला रुमाल लावा. साल 1661, महिना एप्रिल. तुम्ही लंडनच्या बिशप्सगेट रस्त्यावर उभे आहात आणि इथली हवा सहजासहजी घशाखाली उतरत नाही. घराघरांतल्या चुलाणांत, बिअर गाळणाऱ्यांच्या, चुना भाजणाऱ्यांच्या आणि साबण करणाऱ्यांच्या भट्ट्यांत दगडी कोळसा धुमसतोय. त्याची काजळी तुमच्या पांढऱ्या गळपट्टीवर आत्ताच येऊन बसली. झटकू नका, पसरेल. पायाखालीही बघून चाला. नव्या राजाचा राज्याभिषेक नुकताच झालाय, त्या दिवशी सोहळा आटोपतो न आटोपतो तोच विजांसकट पाऊस कोसळला, आणि आता लीद, भाजीचा पाला नि पाणी यांचा नुसता राबडा झालाय. लाकडी घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून शेजारणींनी उसनी साखर द्यावी. वरून कोण कधी काय ओतेल याचा नेम नाही, म्हणून भिंतीला धरून चला. मासळीवाली ओरडतेय, चर्चच्या घंटा वाजतायत, दोन गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत.

तुमच्या अंगावर मुद्दाम भारी कपडे चढवलेत. काळा लोकरी कोट, गळ्याशी लेस, कमरेला तलवार. उकडतंय, टोचतंय, मान्य. पण आज ज्या दारातून आत जायचंय तिथे माणूस आधी कपड्यांवरून ओळखला जातो. आणि वाचणाऱ्या बाई असाल, तरी पुरुषाच्याच वेशात यावं लागेल. त्याला आज तरी इलाज नाही.

हे ग्रेशम कॉलेज. एका धनाढ्य व्यापाऱ्याचा जुना वाडा, मधे ऐसपैस चौक. इथल्या प्राध्यापकांची व्याख्यानं लंडनमधला कुणीही येऊन फुकट ऐकू शकतो. पण आपल्याला व्याख्यान ऐकायचं नाही. काही महिन्यांपूर्वी, 1660 च्या नोव्हेंबरात, इथे बारा जणांनी मिळून एक मंडळ काढलं. दर बुधवारी दुपारी तीनला जमायचं, निसर्गाबद्दल नुसतं बोलायचं नाही, करून बघायचं. प्रवेशाचे दहा शिलिंग, मग आठवड्याला एक शिलिंग. पुढे याच मंडळाला रॉयल सोसायटी म्हणतील. दाराशी तुमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं जातं. कोट पास झाला. चला.

आत पाऊल टाकताच उष्मा अंगावर येतो. ओली लोकर, तंबाखू, घाम, लॅव्हेंडरचं पाणी आणि या सगळ्याच्या वर तेलाचा नि चामड्याचा वास. खांद्याला खांदे लागलेत. टाचा उंचावा, म्हणजे दिसेल. तीन पायांच्या भक्कम लाकडी चौकटीवर एक पितळी नळकांडं बसवलंय आणि त्याच्या डोक्यावर काचेचा मोठा गोळा, आत सुमारे 28 लिटर पाणी मावेल एवढा. रॉबर्ट बॉइल या श्रीमंत, फिकट, अडखळत बोलणाऱ्या सरदारपुत्राने हे यंत्र करवून घेतलं. ते चालतं करण्याची करामत रॉबर्ट हूक नावाच्या त्याच्या तरुण मदतनिसाची. गोळ्यातली हवा उपसून काढायची, हे या यंत्राचं काम.

जवळ सरका, दोन माणसांच्या मधून हात घाला आणि चौकटीला हात लावा. सगळं बुळबुळीत आहे. दट्ट्याला गुंडाळलेलं चामडं बुटाचं आहे. ते ओलं राहावं म्हणून नळकांड्यात सॅलडवर घालायचं तेल ओतलंय. गोळ्याच्या तोंडावरचं पितळी बूच बसवायला औषधवाल्याकडचं जखमेवर लावायचं चिकट मलम थापलंय. एक माणूस मूठ फिरवतोय. दातेरी चाक कर्र कर्र करत दट्ट्या खाली ओढतं, तो तोटी बंद करतो, बाजूची खुंटी काढतो, दट्ट्या वर ढकलतो, खुंटी पुन्हा ठोकतो, तोटी उघडतो. पुन्हा तेच. पहिल्या फेऱ्या हलक्या जातात, मग मात्र त्याच्या कपाळावरची शीर फुगते. सुई नसलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबून दांडा कधी उलटा ओढला असेल, तर त्याच्या हातांना काय जाणवतंय ते तुम्हाला कळेल. सगळ्या खोलीत सगळ्यात जास्त घाम त्याला आलाय. त्याचं नाव मात्र इथल्या नोंदीत शोधू नका.

गोळ्यात आधी साप सोडलाय. हवा कमी होऊ लागते तसा तो काचेला अंग घासतो, वळवळतो, मलूल होतो. मरत नाही. कुणीतरी हुश्श करतं, कुणीतरी निराश होतं. मग कोंबडीचं पिल्लू. पिवळं, अजून ओलसर वाटावं असं. ते आत दोन पावलं चालतं, मान वर करून बाहेरच्या एवढ्या चेहऱ्यांकडे बघतं. मूठ फिरते. कर्र. कर्र. पिल्लू चोच उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. पाय ताठ होतात. एकदा आचका, दुसऱ्यांदा आचका, आणि संपलं. खोलीत क्षणभर फक्त चामडं पितळावर घासल्याचा आवाज.

तुम्हाला मळमळतंय. साहजिक आहे. बॉइलने स्वतःच लिहून ठेवलंय की एकदा काही स्त्रियांनी पक्ष्याची तडफड पाहून हवा आत सोडायला लावली आणि पक्षी वाचला. पुढे असा प्रयोग रात्री केला, म्हणजे कुणी मधे पडणार नाही. आज मधे पडायला कुणी स्त्री नाही. कोपऱ्यात उभा असलेला जॉन एव्हलिन सापाची नि पिल्लाची हकिकत आपल्या डायरीत लिहिणार आहे. याच वर्षी तो लंडनच्या काळ्या धुराविरुद्ध एक पुस्तकही काढणार आहे. बाहेर हवा जास्त झाल्यासारखी दाटलेली, आत काचेत ती संपवण्याची खटपट, आणि दोन्हींकडे बघणारा हा एकच माणूस.

आता खरा प्रश्न. तुम्ही काय पाहिलंत?

पिल्लू मेलं. हे तुम्ही पाहिलंत, एव्हलिनने पाहिलं, ज्याच्या कोपराने तुमच्या बरगडीत ढोसलं त्यानेही पाहिलं. यावर भांडण नाही. पण गोळ्यातून हवा गेली हे पाहिलंत? हवा तर आधीही दिसत नव्हती. हवा नसल्यामुळे पिल्लू मेलं हे पाहिलंत? की ते भीतीने मेलं? की आत काही वेगळंच घडलं? या खोलीची शपथच जणू अशी आहे की कारणांवर वाद घालावा, घडलेल्या गोष्टीवर नाही. घटना एकीकडे, स्पष्टीकरण दुसरीकडे, आणि घटना पक्की करायला न्यायालयासारखे पुष्कळ साक्षीदार. एकाने पाहिलं तर ते त्याचं मत, पन्नास विश्वासू माणसांनी एकदम पाहिलं तर ती वस्तुस्थिती. आज आपण ज्याला वस्तुनिष्ठ ज्ञान म्हणतो, त्याची एक मोठी सवय या कोंदट खोलीत लागतेय. मला ही सवय फार मोलाची वाटते. आणि तिच्यातली फटही इथेच दिसते: विश्वासू कोण, हे कोण ठरवतं?

बाहेर पडा, थोडी हवा खा. म्हणजे जी काही मिळेल ती. कॉर्नहिलच्या बोळांत कॉफीची दुकानं निघालीत, पहिलं 1652 सालचं. एक पेनी दिली की कुणीही आत बसावं. बाकावर जागा करा. कॉफी काळीकुट्ट, जळकी, तळाला गाळ, आणि इतकी गरम की जीभ चरकते. डावीकडे जहाजाचा कारकून, उजवीकडे छापखानेवाला, समोर एक पाद्री, तिघेही एकदम बोलतायत. इथे एका पेनीत वाद घालता येतो. तिथे ग्रेशममध्ये काय पाहिलं जातं ते ठरवायला मात्र कोट लागतो. हा फरक ज्याच्या डोळ्यांत सलला, त्याच्याकडे आता जाऊ.

हे डेव्हनशरच्या अर्लचं लंडनमधलं घर. जिना चढा. दार बंद आहे, फटीतून तंबाखूचा धूर येतोय. आत तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज. वय 73, हात कापतात, म्हणून लिहिणं लेखनिकाकडून. पलीकडे रांगेत दहा-बारा चिलमी भरून ठेवल्यात, दुपारच्या जेवणानंतर एकेक ओढत तो तासन् तास विचार करतो. डोक्यावर केस नाहीत, टोपीही घालत नाही. सर्दीचा त्याला त्रास नाही, त्रास टकलावर बसणाऱ्या माश्यांचा. यातल्या बऱ्याच बारीकसारीक गोष्टी त्याचा मित्र जॉन ऑब्रीने लिहून ठेवल्यात. धुराने डोळे चुरचुरतील, पण बसा, कारण म्हातारा रंगात आलाय. बॉइलच्या पुस्तकाला उत्तर म्हणून तो लॅटिनमध्ये एक संवाद लिहितोय, तो याच वर्षी छापून निघेल.

त्याचं म्हणणं सरळ आहे. तुमचा पंप गळतो. चामडं नि पितळ यांच्या मधून हवेचा सूक्ष्म भाग आत शिरणारच. मग गोळा रिकामा कसा? पक्षी हवा नसल्याने मरत नाहीत, उलट आत शिरलेली हवा जोरात भोवंडते, त्या वाऱ्याने त्यांचा श्वास कोंडतो. आत्ता पाहिलेलं पिल्लू आठवा. तेच पिल्लू, तेच आचके, आणि कारण बरोब्बर उलटं. तुमच्या डोळ्यांनी या दोघांपैकी कुणाच्या बाजूने साक्ष दिली? प्रामाणिकपणे सांगायचं तर कुणाच्याच नाही.

मग तो दाराकडे वळतो. ग्रेशममध्ये जमणारे हे पन्नासेक लोक कोण? ते म्हणे सर्वांसमोर प्रयोग करतात, मग वाटेल त्याला तिथे का जाता येत नाही? आणि पुढच्या वर्षी तो आणखी झोंबणारं लिहील: ज्याच्या गाठीला पैसा आहे तो भट्ट्या आणू शकतो, कोळसा आणू शकतो, कारागिरांकडून मोठ्या दुर्बिणी करवून घेऊ शकतो, पण एवढ्याने कुणी तत्त्वज्ञ होत नाही. त्याला ज्ञान हवं ते भूमितीसारखं. रेषा आपणच काढतो, म्हणून तिचं कारण आपल्याला माहीत असतं, आणि तिच्यावर दोन शहाणी माणसं भांडत नाहीत. चाळिशीत एका ग्रंथालयात युक्लिडचं पान उघडं पाहिलं तेव्हापासून तो भूमितीच्या प्रेमात आहे.

हॉब्जला त्या मंडळाने कधीच सदस्य करून घेतलं नाही.

त्याचं ऐकताना तुम्ही मान डोलावत असाल, पण बॉइलच्या पुस्तकाची पानंही उलटून पाहा. 1660 चं आहे, त्यात 43 प्रयोग. शाईचा वास अजून ताजा आहे. एक मोठं चित्र आहे, त्यात पंपाची तोटी न् तोटी दाखवलीय. जो खोलीत नव्हता त्याला घरबसल्या साक्षीदार करायची ही खटपट. आता 31 वा प्रयोग काढा. संगमरवराच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर ठेवल्या की चिकटून बसतात. बॉइलचा अंदाज होता की हवा काढली की त्या सुटतील. त्याने गोळ्यात चकत्या टांगल्या, माणूस घामाघूम होईपर्यंत हवा उपसली, आणि चकत्या सुटल्या नाहीत. हे त्याने छापलं. स्वतःच्या नावाने, विरोधकाच्या हातात कोलीत देणारी गोष्ट छापली. पंप थोडा गळतो, हेही तिथेच कबूल केलं. सत्याची माझ्या लेखी पहिली खूण ही: फसलेला प्रयोग पानावर उरला पाहिजे.

तरीही हॉब्जचा काटा निघत नाही. पंप चांगला आहे हे कशावरून? आत टांगलेल्या नळीतला पारा खाली येतो यावरून. आणि पारा पुरता खाली आला नाही तर? तर पंप गळतोय. या गोलातून बाहेर कसं पडायचं? त्याचं उत्तर बोटीने येतं. 1661 च्या याच वसंतात ख्रिस्तियान हायगेन्स हा डच गणिती लंडनमध्ये आलाय. राज्याभिषेकाच्या दिवशी सगळं शहर मिरवणुकीला गेलं, तेव्हा तो दुर्बिणीतून सूर्यावरून सरकणारा बुध बघत होता. ग्रेशमचा पंप त्याने डोळ्यांनी पाहिला आणि हेगला परतून स्वतःचा केला. नुसतं पुस्तक वाचून ते साधत नव्हतं, पाहिलेला माणूस लागत होता. आणि त्याच्या पंपात भलतंच घडलं. बुडबुडे काढून टाकलेलं पाणी नळीतून खाली उतरेचना. लंडनवाले म्हणाले, तुझा पंप गळतोय. तो म्हणाला, माझा तुमच्यापेक्षा चांगला आहे म्हणून तर हे दिसतंय. 1663 मध्ये तो पुन्हा लंडनला आला, पुन्हा मूठ फिरली, पुन्हा चामडं करकरलं, आणि लंडनच्या पंपातही पाणी वरच थांबलं. आज आपण सांगतो की पाण्याचे कण एकमेकांना नि काचेला धरून राहतात, म्हणून ते पडत नाही. त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की परक्या माणसाने परक्या गावात केलेली तक्रार खरी निघाली.

शाळेत घोकलेला बॉइलचा नियम आठवतो? दाब वाढला की आकारमान घटतं. तोही असाच एका भांडणातून निघाला. फ्रान्सिस्कस लाइनस नावाच्या जेझुइट पंडिताचं म्हणणं होतं की नळीतल्या पाऱ्याला वरून एक अदृश्य दोरी धरून ठेवते. त्याला उत्तर देण्यासाठी बॉइलने वाकड्या नळीत पारा ओतत ओतत हवा दाबली, मोजली, आणि 1662 मध्ये आकडे छापले. लाइनस चुकला होता. पण तो गप्प बसला असता तर ते आकडे तेव्हा तरी छापले गेले नसते.

म्हणून मला विचाराल, तर पंपाच्या बाबतीत बॉइल बरोबर होता आणि दाराच्या बाबतीत हॉब्ज. आत नसलेल्या माणसाच्या डोक्यात जी शंका येते ती आतल्यांच्या डोक्यात येत नाही, आणि ती शंका खोलीत आल्याशिवाय ज्ञान पक्कं होत नाही. दार बंद ठेवल्याची किंमत प्रयोगालाच मोजावी लागते. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांनी सांगितलं की आम्हाला खोलवर पाण्याचा दाब जाणवत नाही. बॉइलने त्यांची साक्ष हलकी धरली, अडाणी माणसं म्हणून. दाब असतो हे त्याचं म्हणणं खरं होतं. पण माणसाच्या अंगाला तो का जाणवत नाही, हा त्या साक्षीतला खरा चांगला प्रश्न होता.

शेवटचा मुक्काम. 30 मे 1667. लंडनच्या मोठ्या आगीनंतर मंडळ आरुंडेल हाउसमध्ये भरतंय. नदी जवळ आहे, चिखलाचा नि डांबराचा वास येतोय. आज गर्दी नेहमीपेक्षा दाट, पाय ठेवायला जागा नाही, कारण न्यूकॅसलची डचेस मार्गारेट कॅव्हेंडिश येतेय. ती तत्त्वज्ञानावर स्वतःच्या नावाने पुस्तकं छापते, आणि मागच्याच वर्षी तिने प्रयोगवाल्यांवर टीकेचं पुस्तक काढलंय: भिंगातून दिसतं ते भिंगाने वाकवलेलं नाही कशावरून? तिला बोलवावं की नाही यावर सभेत बरीच भवती न भवती झाली, लोक गाणी रचून टर उडवतील अशी भीती होती. डायरीकार सॅम्युअल पीप्स तुमच्या पुढेच उभा आहे. त्याचं लक्ष तिच्या विचित्र पोशाखाकडे. झगा सळसळतो, गर्दी दुभंगते. बॉइल आणि हूक तिला हवेचं वजन करून दाखवतात, रंग मिसळतात, लोहचुंबक दाखवतात, भाजलेल्या मटणाचा तुकडा द्रवात टाकून रक्तासारखा करतात. ती पुन्हा पुन्हा कौतुक करते. टीकेच्या पुस्तकातला प्रश्न तिला इथे कुणी विचारत नाही, आणि उत्तरही देत नाही. प्रयोग संपले. तिला मानाने पोहोचवलं जातं.

अंगावरचा कोट आता काढून ठेवायला हरकत नाही. त्या दारातून सदस्य म्हणून आत गेलेला पहिला भारतीय आपल्या मुंबईचा, माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावणारा अर्देशीर करसेटजी वाडिया. साल 1841. पहिल्या स्त्रिया दोन: बेंझीनच्या रेणूचं कडं सपाट असतं हे क्ष-किरणांनी दाखवणारी कॅथलिन लॉन्सडेल आणि जिवाणूंच्या रसायनाचा अभ्यास करणारी मार्जरी स्टीफन्सन. त्या सदस्य झाल्या 1945 साली, मार्गारेट कॅव्हेंडिश येऊन गेल्यानंतर 278 वर्षांनी.